मांजरसुंब्याचा वाचक

बीडला आमचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिथं पूर्वी सरकीची पोती ठेवत. भिंतींना चुना दिला, फरशी घातली, संगणकासाठी एक खोली काच लावून वेगळी केली, तरी दुपारी ऊन तापलं की कुठल्याशा कोपऱ्यातून सरकीचा तेलकट वास यायचा आणि डोळे आपोआप जड व्हायचे. त्या खोलीत मी काही वर्षं काढली. आता आठवायला बसलं की ती वर्षं आपण जागेपणी काढली, असं वाटतच नाही. इंटरनेट लावलं की तो डबा आधी शिट्ट्या मारायचा, मग घसा खरवडायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा. तो गप्प झाला की समजायचं, जोडलं गेलं. तरीही पान उघडायला इतका वेळ लागे की मी खिडकीतून बाहेर बघत बसे. बाहेर एक कडुनिंब होता. त्याची सावली भिंतीवरून किती सरकली, त्यावर मी पान उघडायचा अंदाज बांधायची.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते, टीव्हीवर इतक्या वाहिन्या आल्या होत्या की घरात रिमोटवरून भांडणं होत, आणि औरंगाबादला जाऊन संगणकाचा कोर्स करून आलेली पोरगी म्हणून मी थोडा भाव खात होते. माझ्या वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकापुढं साडी उलगडता उलगडता ते सांगायचे, "पोरगी वेबसाईट करती." गिऱ्हाईक विचारायचं, "म्हंजी काय?" वडील म्हणायचे, "लई मोठं काम हाय," आणि पुढची साडी उलगडायचे. वेबसाईट म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही अर्धंच ठाऊक होतं.

आमची संस्था शेतकऱ्यांना माहिती पुरवायची. माहिती म्हणजे पत्रकं. कापसावरच्या किडी, उसाची लागण, जनावरांचे आजार, सीताफळाची छाटणी, असल्या विषयांची एक-दोन पानांची पत्रकं कपाटभर साठली होती, आणि ती सगळी एकाच माणसानं लिहिली होती. हे गृहस्थ कृषी खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडं आले होते. बाकीचे त्यांना साहेब म्हणत. मी पहिल्याच दिवशी चुकून काका म्हणाले, त्यांनी मान डोलावली, आणि मग ते माझे काकाच झाले.

काका बोलायचेही लिहिल्यासारखे. चहा आला की "चहाचे प्रयोजन नव्हते" म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. आळीला ते आळी म्हणत नसत, कीड म्हणत. गावाकडचे होते, आई-वडील शेतात राबलेले, पण खात्यात गेल्यावर त्यांनी गावची बोली जी पेटीत घालून ठेवली ती ठेवलीच. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. त्या डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, कडेकडेचं विझत चाललं होतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते सांभाळा.

एका दुपारी मी पान उघडायची वाट बघत होते. काका समोर पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. एकदम म्हणाले, "मुली, मला एक सांग. हे कुणी वाचतं का?"

मी म्हणाले, "वाचत असतील की."

"असतील नको. नोकरीत असताना गठ्ठेच्या गठ्ठे गावोगाव जायचे. पुढं त्यांचं काय व्हायचं, ते मला एकदाही कळलं नाही. उभं आयुष्य लिहिलं. कुणी एकानं तरी वाचलं का, एवढं डोळे जायच्या आत कळावं, असं वाटतं." हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"कळेल काका," मी म्हणाले. "संगणक सांगतो ते."

तोंडातून निघून गेलं खरं, पण मग ते माझ्या मागंच लागलं. तोवर आमच्या वेबसाईटवर पत्रकं होती ती अडगळीत टाकल्यासारखी, एकाखाली एक. कुणाला हवं ते सापडत नसे आणि कुणी काय उघडलं ते आम्हाला कळत नसे. मी ठरवलं, तीन गोष्टी करायच्या. पत्रक शोधता आलं पाहिजे, नको ती बाजूला सारून हवी तेवढी निवडता आली पाहिजेत, आणि प्रत्येक पत्रकाचा माग काढता आला पाहिजे, म्हणजे ते कुठल्या गावी, केव्हा उघडलं गेलं, ते. संस्थेनं मांजरसुंबा, तेलगाव आणि चकलांबा अशा तीन ठिकाणी एसटीडीवाल्यांच्या दुकानात एकेक संगणक बसवून दिला होता. शेतकऱ्यानं तिथं यावं, विचारावं, दुकानदारानं पत्रक उघडून द्यावं, अशी योजना होती.

शोधण्यावरूनच आमचं पहिलं भांडण झालं. त्या काळात संगणकाला मराठी कळत नसे. पत्रकांचे आम्ही फोटो काढून ठेवले होते, आणि फोटोत काय लिहिलंय ते त्या डबड्याला काय ठाऊक. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या मागं आपणच काही शब्द चिकटवून ठेवायचे होते. ते शब्द पडद्यावर यादीनं दिसणार, माणसानं शब्दावर बाण नेऊन दाबलं की त्या विषयाची पत्रकं पुढं येणार. काका म्हणाले, शीर्षकातले शब्द घे. शीर्षकं अशी, की 'शेळ्यांमधील आध्मान : कारणमीमांसा, लक्षणे व प्रतिबंधात्मक उपाययोजना'. मी म्हणाले, "काका, आध्मान म्हणून कुठली शेळी ओरडती हो?"

त्यांना हसू आलं नाही. मग मी आठवडाभर वडिलांच्या दुकानात बसले आणि खेड्यातून आलेल्या बायाबापड्यांना विचारून शब्द गोळा करून आणले. पोट फुगणं, खुरी, मावा, बोंडातली आळी. काकांनी ते कागद डोळ्यांजवळ धरून वाचले. भातात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा होत होता. शेवटी म्हणाले, "मागे ठेव. शोधायला लागतात तर मागे असू देत. कागदावर येता कामा नयेत." मी हात टेकले. शोधायचे शब्द लोकांचे आणि उघडल्यावर दिसायचा तो कागद काकांचा, असा तो तह झाला.

निवडायची जी सोय करायची, तिला आम्ही चाळणी म्हणायचो. पिकाची चाळणी, जनावराची चाळणी, आणि तिसरी हंगामाची. हंगामाच्या चाळणीला मी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिने लावून ठेवले, तेव्हा काका पहिल्यांदा मोठ्यानं हसले. म्हणाले, "अगं, जूनमध्ये कोण पेरतं? मृगात पेरतात." मग महिने काढून मी नक्षत्रं घातली. कुठलं पत्रक कुठल्या नक्षत्राला, ते काकांना तोंडपाठ होतं. चैत्रातली दुपार, पंखा कुरकुरत फिरतोय, काका डोळे मिटून खुर्चीत मागं रेललेले. ते म्हणायचे, "रोहिणी," आणि पत्रकांची नावं सांगत सुटायचे. मग मृग, मग आर्द्रा, मग तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, मघा, पूर्वा. मी नुसती बोटं चालवत होते. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं आणि त्या काचेच्या खोलीत अख्खा पावसाळा आमच्या अंगावरून पडून गेला. हस्त संपला तेव्हा मला खरोखर गार वाटत होतं. आयुष्यात काम करताना इतकं सुख मला पुन्हा फारसं मिळालं नाही.

माग काढायचं काम मात्र मी एकटीनं केलं. तिन्ही गावांना आपापलं पान दिलं आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक मोठा आकडा ठेवला: आजचे वाचन. सकाळी तो शून्य असे, एक पत्रक उघडलं की एक होई. माझ्या अंगात तेव्हा लालभडक रंगाचं वेड होतं, त्यामुळं तो आकडाही लाल. काकांना दिसावा म्हणून चांगला तळहाताएवढा केला.

अक्षय तृतीयेला सगळं सुरू झालं. तेलगावच्या संगणकावर पोरं सिनेमाची गाणी ऐकत होती, असं लवकरच कळलं. पत्रक उघडलं जाई ते चुकून. चकलांब्याचा फोन मनात आलं तर चाले. दिवसामागून दिवस गेले. काका सकाळी येत, खुर्चीत बसत आणि काही न विचारता माझ्याकडं बघत. मी नजर चुकवायची. मला स्वतःचाच राग यायचा. कशाला तो माग काढायच्या भानगडीत पडले, आधी निदान 'असतील' तरी म्हणता येत होतं.

आणि मग मांजरसुंबा उगवलं. एका सकाळी शून्याचा एक झाला. पत्रक उघडलं होतं शेळीचं, आध्मानाचं. ते काकांनी नोकरीत लिहिलेलं पहिलंवहिलं पत्रक, म्हणून यादीतही सगळ्यात वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं रोज. दिवसभर दुसरं काही नाही, पण सकाळचं ते एक वाचन चुकायचं नाही.

"अभ्यास करतो आहे कुणीतरी," काका म्हणाले. "एकदा वाचून उमजणारे नाहीच ते."

त्या दिवसापासून काका बदलले. ऑफिस दहाचं, पण ते साडेसातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मला किल्ली घेऊन लवकर यावं लागे, आणि मी कुरकुरत का होईना, यायची. आम्ही दोघं त्या लाल आकड्यापुढं बसायचो. शून्याचा एक झाला की मी म्हणायची, "वाचलं." काका डोळे मिटून घ्यायचे. मग चहा यायचा आणि आम्ही वाचकाची स्वप्नं बघायचो. खरंच, स्वप्नंच ती. काकांना वाटायचं, बालाघाटाच्या उतारावर शेळ्या राखणारी एखादी विधवा असेल, थोडी शिकलेली, सकाळी शेळ्या सोडायच्या आधी येऊन वाचून जात असेल. मला वाटायचं, एखादा तरुण मास्तर असेल, आणि दिसायलाही बरा असेल. काका म्हणायचे, "पावसात येत असेल का गं?" मी म्हणायची, "येतो तर. आजही आला की." बाहेर खरंच पाऊस लागलेला असायचा. त्या न पाहिलेल्या माणसाचे पाय भिजले असतील म्हणून मला वाईट वाटायचं.

श्रावण गेला, पोळा गेला, दसरा-दिवाळी झाली. काकांनी त्या वाचकासाठी नवं पत्रक लिहायला घेतलं होतं, पण अक्षर ओळीवर राहीना. दिवाळीनंतर एकदा त्यांनी समोरचा कप उचलायला हात पुढं केला आणि कप कडेला होता म्हणून सापडलाच नाही. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो न पिता तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "मला त्याला बघायचं आहे. दिसतं आहे तोवर."

कार्तिकातली सकाळ होती. आम्ही काळ्या-पिवळ्या जीपनं निघालो. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं, मागं किती ते देव जाणे. कपिलधारच्या यात्रेला निघालेली माणसं पेंगत होती. डोंगराला धुकं होतं, सीताफळीची पानं पिवळी पडली होती, आणि धुक्यातून एखादी शेळी जवळ आली की काका मला कोपरानं ढोसायचे. त्यांना ती दिसत नव्हती, गळ्यातली घंटी ऐकू येत होती. मांडीवर पिशवी होती. पिशवीत आध्मानाच्या पत्रकाची एक छापील प्रत होती, खाली त्यांची सही. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ढाबे नुकते जागे होत होते. एसटीडीचं दुकान एका ढाब्याला चिकटूनच होतं. फोनची काचेची खोली, बिस्किटांच्या बरण्या, आणि कोपऱ्यात आमचा संगणक, क्रोशाच्या जाळीदार झाकणाखाली. दुकानदार चाळिशीचा असेल. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. त्यानं आम्हाला पाहिलं नव्हतं. सडा टाकून झाला होता. त्यानं उदबत्ती लावून देवाला, गल्ल्याला आणि संगणकाला ओवाळली. मग झाकण काढलं, फोन जोडला, आणि शिट्ट्या संपेपर्यंत हात जोडून उभा राहिला.

पडद्यावर लाल शून्य आलं. त्यानं यादीतल्या पहिल्या ओळीवर बाण नेला आणि दाबलं. पत्रक हळूहळू वरून खाली उतरत आलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "उघडलं बघ," ते कुजबुजले. आणि दुकानदार वाचायला लागला, मोठ्यानं, एका लयीत, मान डोलवत. "रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरात किण्वनप्रक्रियेद्वारे निर्माण होणाऱ्या वायूचे उत्सर्जन अवरुद्ध झाल्यास..." त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, कुठंही अडखळला नाही, निम्मं तर पडद्याकडं न बघताच. काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मलाही रडू आलं. तो वाचून झाला, संगणकाला नमस्कार करून त्यानं झाकण घातलं, आणि मग वळून आम्हाला म्हणाला, "बोला. कुठं लावायचा फोन?"

आम्ही कोण ते मी सांगितलं. त्यानं लगबगीनं काकांसाठी स्टूल पुसलं.

काकांनी विचारलं, "आपल्याकडे शेळ्या किती?"

"शेळ्या?" तो हसला. "न्हाईत की साहेब. आमी दुकानदार मानसं."

"मग रोज सकाळी हे पत्रक..."

"बोहनी करतो ना. सकाळी ते मशीन उघडलं की भलंमोठं शून्य दिसतं, तेबी लालभडक. शून्यावर दुकान कसं उघडायचं सांगा? म्हनलं, आपल्या हातानं एक करावं. तवापासनं दिवसभर फोनला गिऱ्हाईक ऱ्हातंय."

मला क्षणात सगळं उमगलं. आमच्या दुकानातही सकाळी पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की वडिलांचा दिवस वाईट जायचा. गल्ला शून्यावर ठेवायचा नाही, हे आमच्या रक्तातच आहे. शून्य दाखवलं होतं मी, आणि ते पुसायला हा बिचारा रोज काकांचं पत्रक उघडत होता. विधवा नव्हती, मास्तर नव्हता. मी काकांकडं बघायचं टाळलं.

काका म्हणाले, "पण आपण वाचता. आत्ता वाचलेत."

"वाचतो की. उघडलेला कागद न वाचता मिटू न्हाई, असं आमचे वडील म्हनायचे."

"मग सांगा बरं, काय लिहिले आहे त्यात?"

दुकानदारानं मान खाजवली. "ते कुनाला ठाव, साहेब. पर ऐकायला लई ग्वाड हाय. पोथीगत."

तो खोटं बोलत नव्हता, आणि टोमणाही मारत नव्हता. त्याला खरंच ते आवडत होतं. काका स्टुलावर बसून राहिले. त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरली, ती मी उचलून घेतली. इतका दुखावलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या माणसाला रागावावं तर तेही जमत नव्हतं.

शेजारच्या ढाब्यावर एक बाई भाकरी थापत बसली होती. मधे नुसता काटक्यांचा कूड होता, त्यामुळं तिनं सगळं ऐकलं असणार. ती तिथूनच म्हणाली, "कशाचं हाय वो ते? रोज सकाळी म्हनतेत ते?"

"आध्मा..." काकांनी सुरुवात केली आणि थांबले. मग म्हणाले, "शेळीचं पोट फुगतं ना बाई, त्याचं आहे."

"शेळीचं हाय व्हय?" तिचा हात थांबला. "मला वाटलं देवाचं हाय कायतरी." थोडं थांबून तिनं विचारलं, "मंग फुगल्यावर काय करायचं म्हनतेत त्यात?"

काका कुडाच्या दिशेनं वळले. त्यांना ती दिसत नव्हती. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, अगदी साध्या भाषेत, हात हलवत. त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकली. "डावीकडनं पोट फुगतं बघा. शेळी चरायचं सोडती, पाय झाडती. लगेच गोडंतेल घ्यायचं, अर्धी वाटी, आन् हळूहळू पाजायचं, ठसका लागू द्यायचा न्हाई. पुढचे पाय चढावर येतील अशी उभी करायची. पोट चोळायचं, जरा चालवायची. आन् उपाशीपोटी वला घास मोकाट चारायचा न्हाई. इतकंच."

"इतकंच?"

"इतकंच बाई."

ती उठून कुडाच्या टोकापाशी आली. हाताला पीठ तसंच होतं. "माझी शेळी मेली दसऱ्याच्या आदी," ती म्हणाली. "डाव्या अंगानं अशीच टम्म फुगलती. रातभर आरडली. सकाळच्याला मी तिला हितंच मागं घिऊन बसलते. हे दुकानवाले आतमदी हेच म्हनत व्हते, रोज म्हनतेत तसं. मी ऐकलं की. देवाचं हाय म्हनून हात जोडले मी." मग तिनं काकांना विचारलं, "तेल घरात व्हतं वो. आदी कावून न्हाई सांगितलं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं होतं. दुकानदार मान खाली घालून बरण्या पुसायला लागला.  काका चाचपडत उठले, कुडाला हात लावत तिच्याजवळ गेले आणि तिच्यापुढं त्यांनी हात जोडले. बाई संकोचून मागं सरकली. "तसं नगा करू," म्हणाली. तव्यावरची भाकरी करपत होती, म्हणून ती आत गेली.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागं जागा मिळाली, समोरासमोर. धुकं उठलं होतं. काका खिडकीकडं तोंड करून बसले होते, पण त्यांना बाहेरचं काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.  मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य मलाच पोकळ वाटत होतं.

"गेल्यावर सगळी पत्रकं काढून टाक," ते म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. पहिल्यापासनं सांगतो, तू लिहून घे. त्या बाईला कळेल असं. ते होईस्तोवर एकबी ठेवू नको तिथं."

मी म्हणाले, "काका, तोवर सगळीकडं शून्य दिसेल. मांजरसुंब्यालाही."

"दिसू दे," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात शोधून धरला. "तिच्या घरात तेल होतं गं."